दशांशचिन्ह कुठे द्यायचे आणि का?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सध्या तिला दशांश अपूर्णांकांचा गुणाकार शिकवला जात आहे. ३.६ × २.४ हे एकच उदाहरण तिच्या वहीत तीन प्रकारे सोडवलेले आहे : एकदा व्यवहारी अपूर्णांक करून, एकदा आयत काढून त्याचे चार भाग पाडून, आणि एकदा नुसत्या अंदाजावरून चिन्ह देऊन. आम्हाला एकच रीत शिकवली होती, ती म्हणजे चिन्ह बाजूला ठेवून गुणायचे आणि मग दोन्ही संख्यांतील दशांशस्थळे मोजून उत्तरात चिन्ह द्यायचे. मी तिला तीच सांगितली. तरी तिने ०.४ × ०.३ चे उत्तर १.२ लिहिले आणि वर मलाच विचारले की, ०.४ आणि ०.३ यांची बेरीज ०.७ येते, त्यात एकच दशांशस्थळ असते, मग गुणाकारात दोन कुठून आली? शिवाय गुणाकार करून उत्तर लहान कसे होईल? मला नियम येतो, पण कारण सांगता येत नाही. इतक्या पद्धतींमुळे मुलांचा गोंधळ होत नाही का? मी कोणत्या एका पद्धतीचा आग्रह धरावा? आणि उभ्या मांडणीत दशांशचिन्हे एकाखाली एक यायला हवीत का?
– एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न. तिचे उत्तर चुकले हे खरे, पण ती चूक निष्काळजीपणाची नाही. बेरजेत जे शिकली तेच तिने गुणाकाराला लावून पाहिले आणि ते लागू पडत नाही असे सांगितल्यावर कारण विचारले. ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून आपण पुढे गेलो, तर ती नियम पाठ करील आणि काही दिवसांनी बेरजेतही दोन्ही संख्यांची स्थळे मोजून चिन्ह देऊ लागेल. हा उलटा गोंधळ मुलांच्या वह्यांत वरचेवर दिसतो. म्हणून पद्धतींची चर्चा थोडी पुढे ठेवून आधी ०.४ × ०.३ कडेच वळू.

आलेख कागदावर एक मोठा चौरस काढावा आणि त्याची प्रत्येक बाजू १ मानावी. दोन्ही बाजूंचे दहा-दहा समान भाग करून उभ्या-आडव्या रेषा ओढल्या की त्या चौरसात १०० छोटे चौकोन तयार होतात. आता डावीकडून चार उभे पट्टे एका रंगाने आणि खालून तीन आडवे पट्टे दुसऱ्या रंगाने रंगवायला सांगावे. पहिल्या रंगाचा भाग ०.४ आहे, दुसऱ्या रंगाचा ०.३ आहे, आणि जिथे दोन्ही रंग एकमेकांवर आले आहेत तो आयत म्हणजे ०.४ × ०.३. त्यातले चौकोन मुलीने स्वतः मोजावेत. ते १२ भरतील. मात्र हे १२ कशाचे आहेत, हा प्रश्न तिला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूळ चौरसाचे १०० भाग केलेले असल्याने यातला प्रत्येक चौकोन एक शतांश आहे, म्हणून हे १२ शतांश झाले आणि १२ शतांश म्हणजे ०.१२.

बेरीज आणि गुणाकार यांतला फरक येथे डोळ्यांना दिसतो. चार दशांशांत तीन दशांश मिळवले की सात दशांशच होतात. मोजण्याचे एकक बदलत नाही, म्हणून स्थळही बदलत नाही. गुणाकारात मात्र आपण दशांशाचा दशांश घेतो आणि त्यातून शतांश हे नवे, दहापट लहान एकक जन्माला येते. स्थळांची बेरीज करण्याच्या नियमाचे सगळे मूळ एवढ्यातच आहे : दशांशाला शतांशाने गुणले तर सहस्रांश मिळतात, म्हणजे एक स्थळ आणि दोन स्थळे मिळून तीन. ज्या मुलांना चौकोनांपेक्षा मापे जवळची वाटतात, त्यांना हेच लांबी-रुंदीने सांगता येते. ०.४ मीटर लांब आणि ०.३ मीटर रुंद कागद म्हणजे ४ डेसिमीटर बाय ३ डेसिमीटरचा कागद. त्याचे क्षेत्रफळ १२ चौरस डेसिमीटर, आणि एका चौरस मीटरमध्ये १०० चौरस डेसिमीटर असतात, म्हणून ते ०.१२ चौरस मीटर.

उत्तर लहान कसे, याचेही उत्तर त्याच चित्रात आहे. ०.४ ला १ ने गुणले असते, तर चारही पट्टे पूर्ण उंचीचे मिळाले असते. आपण त्यांचा दहापैकी तीनच भाग घेतला, तेव्हा मूळच्या ०.४ पेक्षा कमी उरणे क्रमप्राप्तच आहे. पूर्ण संख्यांचे पाढे म्हणताना गुणाकाराने संख्या वाढते असा मुलांचा ग्रह झालेला असतो, आणि तिथे तो बहुतेक वेळा खराही ठरतो. फक्त गुणक १ पेक्षा लहान झाला की तो मोडतो. हे एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. मुलीने लिहिलेले १.२ हे उत्तर ०.४ पेक्षाही मोठे आहे आणि संपूर्ण चौरसापेक्षाही मोठे आहे, हे तिच्याच तोंडून यावे असा प्रयत्न करावा.

आता वहीतल्या तीन पद्धतींकडे येतो.

व्यवहारी अपूर्णांक करून गुणणे ही रीत आपल्याला नवी वाटली असेल, पण आपली जुनी रीत तिच्याच आधाराने उभी आहे. ३.६ म्हणजे ३६/१० आणि २.४ म्हणजे २४/१०. अंशांचा गुणाकार ८६४, छेदांचा गुणाकार १००, म्हणून उत्तर ८६४/१००, म्हणजेच ८.६४. येथे ‘चिन्ह बाजूला ठेवून गुणा’ म्हणजे अंशांचा गुणाकार करा, आणि ‘स्थळे मोजून चिन्ह द्या’ म्हणजे छेदांतील शून्ये एकत्र करा, एवढेच आहे. सायमन स्टेविन या गणितज्ञाने १५८५ साली लायडन येथे दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि युरोपात हे अपूर्णांक रूढ होण्यास तिचा मोठा हातभार लागला. त्याच्या लेखनात आजचे दशांशचिन्ह नव्हते. प्रत्येक अंकानंतर तो वर्तुळात एक आकडा लिहीत असे, एककासाठी ०, दशांशासाठी १, शतांशासाठी २. गुणाकारासाठी त्याने ३२.५७ × ८९.४६ हे उदाहरण घेतले आहे. अंक पूर्ण संख्यांप्रमाणे गुणायचे आणि दोन्ही संख्यांच्या शेवटच्या वर्तुळांतील आकडे मिळवायचे, २ आणि २ मिळून ४, म्हणून उत्तराची चार स्थळे, २९१३.७१२२. हीच आपली शाळेतली रीत झाली. पण स्टेविन तेवढ्यावर थांबला नाही. ३२५७/१०० आणि ८९४६/१०० असे अपूर्णांक करून हे असेच का होते, याची सिद्धताही त्याने लगोलग दिली. आपल्या मुलीला नियमासोबत कारण हवे आहे, आणि नियम मांडणाऱ्यालाही ते आवश्यक वाटले होते.

या रीतीत एक अडचण हटकून येते, ती सांगून ठेवतो. व्यवहारी अपूर्णांक दिसला की त्याला संक्षिप्त रूप द्यायचे, ही सवय मुलांना लागलेली असते. मग ३६/१० चे १८/५ होतात, २४/१० चे १२/५ होतात, आणि उत्तर २१६/२५ पाशी येऊन अडते, कारण छेदात आता १०० राहिलेले नाहीत. अंश आणि छेद दोन्हींना ४ ने गुणून पुन्हा ८६४/१०० करावे लागतात. यात चूक काहीच नाही, पण वळसा मोठा आहे. दशांशांसाठी ही रीत वापरताना छेद १०, १००, १००० असेच ठेवावेत.

आयताची पद्धत मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण तीत काहीच लपत नाही. ३.६ ची फोड ३ आणि ०.६, तर २.४ ची फोड २ आणि ०.४. आयताच्या दोन बाजूंवर ही मापे लिहून आत एक उभी आणि एक आडवी रेषा ओढली की चार भाग पडतात : ३ × २ = ६, ३ × ०.४ = १.२, ०.६ × २ = १.२ आणि ०.६ × ०.४ = ०.२४. चारही मिळवले की ८.६४. ही बेरीज करताना मात्र दशांशचिन्हे एकाखाली एक हवीत. एककाला दशांशाने गुणल्यावर दशांश आणि दशांशाला दशांशाने गुणल्यावर शतांश, हे दोन्ही येथे एकाच चित्रात शेजारी-शेजारी दिसतात. मुलांची एक नेहमीची चूकही येथेच पकडता येते. पुष्कळ मुले तोंडी हिशेब करताना पूर्ण भागाला पूर्ण भागाने आणि दशांश भागाला दशांश भागाने गुणतात, म्हणजे ६ आणि ०.२४ मिळून ६.२४ लिहितात. आयतावर बोट ठेवून ‘हे दोन लांबट पट्टे कुठे गेले?’ असे विचारले की राहिलेले १.२ आणि १.२ त्यांना आपोआप सापडतात. एरवी ही चूक शब्दांनी समजावणे फार जड जाते. अंक वाढले की मात्र ही पद्धत कंटाळवाणी होते. ३.७५ × २.४८ साठी नऊ भाग पाडावे लागतात आणि मुलाचे निम्मे लक्ष रेघा ओढण्यात जाते. तेव्हा दोन अंकी संख्यांपर्यंत आयत, पुढे नाही, असे मी सुचवीन.

अंदाजाच्या पद्धतीला आपण पत्रात ‘नुसत्या अंदाजावरून’ असे म्हटले आहे. त्या ‘नुसत्या’शी मी सहमत नाही. ३.६ ही संख्या ३ आणि ४ यांच्या दरम्यान आहे, २.४ ही २ आणि ३ यांच्या दरम्यान आहे, म्हणून त्यांचा गुणाकार ३ × २ = ६ आणि ४ × ३ = १२ यांच्या दरम्यानच पडणार. अंक ८, ६, ४ असे मिळालेले आहेत. चिन्ह ०.८६४ असे पडू शकते, ८.६४ असे पडू शकते किंवा ८६.४ असे, यांपैकी ६ आणि १२ यांच्यामध्ये एकच बसते. हा काटेकोर युक्तिवाद आहे, त्यात अटकळीला वाव नाही. स्थळे मोजताना गफलत झाली तर ती पकडण्याचे दुसरे कोणतेही साधन मुलाच्या हाती नसते, आणि गणकयंत्रावर चिन्हाचे बटण दाबायचे राहून गेले, तरी उत्तर दहापट किंवा शंभरपट मोठे आले आहे हे अंदाजामुळेच लक्षात येते. अर्थात फार लहान संख्यांसमोर अंदाजाची ताकद कमी पडते. ०.०४ × ०.००६ चे उत्तर ‘शून्याजवळ’ आहे एवढे म्हणून काही साधत नाही; तिथे ४/१०० × ६/१००० = २४/१००००० असे लिहून ०.०००२४ काढणेच बरे.

अंदाजाची सवय लावण्यासाठी एक सोपा सराव आहे, आणि त्यात एकही नवा गुणाकार करावा लागत नाही. २७ × १४ = ३७८ एवढे मुलीला आधीच देऊन टाकावे. मग २.७ × १.४, २.७ × ०.१४, ०.२७ × १४ आणि २७० × ०.०१४ यांची उत्तरे स्थळे न मोजता, केवळ संख्यांच्या आकारावरून द्यायला सांगावे. पहिल्याचे ३.७८ सहज येईल. दुसऱ्यासाठी २.७ चा दहावा भाग ०.२७ आणि आपल्याला त्याहून थोडे अधिक हवे, म्हणून ०.३७८. तिसऱ्यासाठी १४ चा चौथा भाग साडेतीन, म्हणजे उत्तर त्याच्या आसपास, ३.७८. चौथ्यात २७० चा शंभरावा भाग २.७, त्याहून थोडे अधिक, म्हणजे पुन्हा ३.७८. शेवटची दोन उत्तरे पहिल्यासारखीच कशी आली, असे ती विचारील, आणि तो संवाद आणखी दहा उदाहरणे सोडवण्यापेक्षा उपयोगी ठरेल. २.७ ला १०० ने गुणून २७० केले आणि १.४ ला १०० ने भागून ०.०१४ केले, तर गुणाकार तोच राहतो, हे तिला त्यातूनच कळेल. मग ०.०३ × ४०० सारखे उदाहरण समोर आले की ती ते ३ × ४ असे वाचून एका क्षणात १२ म्हणेल.

याच गुणधर्मावर आणखी काही सोयीच्या वाटा आहेत. ०.५ ने गुणणे म्हणजे निम्मे करणे, ०.२५ ने गुणणे म्हणजे चौथा भाग घेणे, १२.८ × ०.२५ साठी कागदाची गरज नाही, १२.८ चे निम्मे ६.४ आणि त्याचे निम्मे ३.२. एका संख्येची दुप्पट आणि दुसरीचे निम्मे केले तरी गुणाकार बदलत नाही, म्हणून ३.५ × १.८ ऐवजी ७ × ०.९ करावे, ६.३. १९.९ × ३ साठी ६० मधून ०.३ वजा करावेत, ५९.७. या युक्त्या आहेत, सगळीकडे चालणाऱ्या पद्धती नाहीत, आणि त्या मुलांवर लादू नयेत. मात्र मुलीने आपण होऊन एखादी वापरली, तर ‘रीतसर करून दाखव’ असे म्हणून तिचा हिरमोड करू नये. चौकटींत कर्ण ओढून करायची जाळीची पद्धतही दशांशांना चालते. तीत हातचे सांभाळणे सोपे जाते, पण चिन्ह कुठे पडते हे रेघांवरून शोधायचे असल्याने स्थानिक किंमत नजरेआड होते. आपल्या मुलीला ज्या कारणाची ओढ आहे ते तीत सापडणार नाही, म्हणून या टप्प्यावर मी ती सुचवणार नाही.

आता गोंधळाविषयी. अनेक पद्धती शिकल्याने गोंधळ होतोच असे नाही. त्या एकमेकींशी न जोडता वेगवेगळ्या कृती म्हणून शिकल्या, तर होतो. वहीत तीन पानांवर तीन पद्धती असतील आणि शेवटी तिन्हींचे उत्तर ८.६४ आले याचेच समाधान असेल, तर मुलीला तीन पाठांतरे करावी लागतील. त्याऐवजी तिन्ही एकाच कागदावर शेजारी मांडाव्यात आणि तिला एकीतली संख्या दुसरीत शोधायला लावावी. आयतातले ६, १.२, १.२ आणि ०.२४ हे शतांशांत लिहिले तर ६००, १२०, १२० आणि २४ होतात, आणि त्यांची बेरीज ८६४, म्हणजे अपूर्णांकाच्या रीतीतला तोच अंश. ३६ × २४ च्या उभ्या मांडणीत पहिली ओळ १४४ येते. ती म्हणजे आयताच्या ०.४ रुंदीच्या पट्ट्यातले १२० आणि २४. दुसरी ओळ ७२०, म्हणजे उरलेले ६०० आणि १२०. हे जोड तिने स्वतः शोधले, की पद्धती किती, हा प्रश्नच तिला पडणार नाही.

आग्रह कोणत्या पद्धतीचा धरावा, असे आपण विचारले आहे. आपल्या रीतीला माझा विरोध नाही. मोठ्या संख्यांसाठी तीच सर्वांत वेगवान आहे, आणि मुलीला अखेर तीच हातखंडा व्हायला हवी. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. ०.४ × ०.३ सारखी छोटी उदाहरणे आधी चौरसावर आणि आयतावर व्हावीत. त्यांतून स्थळे का मिळवायची हे कळल्यावर एकदा अपूर्णांकांनी ते पक्के व्हावे. आणि मग मोजण्याचा नियम यावा. आग्रह धरायचाच असेल तर एकाच गोष्टीचा धरावा : कोणत्याही रीतीने सोडवले तरी पेन्सिल उचलण्यापूर्वी उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान येईल ते तिने वहीच्या कडेला लिहावे. परीक्षेत विशिष्ट पद्धतच मागितली असेल, तर अर्थातच ती वापरावी. अंदाजाची ती ओळ तिथेही कच्च्या कामात लिहिता येते.

राहिला उभ्या मांडणीचा प्रश्न. चिन्हे एकाखाली एक येण्याची गरज नाही, आणि मी तर म्हणेन की ती तशी आणू नयेत. बेरजेत दशांशाखाली दशांश आणि शतांशाखाली शतांश यावेच लागतात, कारण सारख्या किमतीचे अंकच एकमेकांत मिळवता येतात. गुणाकारात वरच्या संख्येतला प्रत्येक अंक खालच्या प्रत्येक अंकाशी गुणला जातो, त्यामुळे कोण कोणाखाली आहे याला महत्त्व उरत नाही. उलट चिन्हे जुळवली, की ते तसेच सरळ खाली उत्तरात उतरवण्याचा मोह होतो, ०.४ × ०.३ चे १.२ बहुधा त्याच वाटेने येतात. संख्या उजव्या कडेला जुळवून लिहाव्यात. ३.७५ × २.४ साठी ३७५ खाली २४ मांडावेत, आणि कडेला ‘६ आणि १२ यांच्या दरम्यान’ असे आधीच लिहून ठेवावे. पहिली ओळ १५००, दुसरी ७५००, बेरीज ९०००. येथे मुलांचा हात एका विशिष्ट जागी घसरतो : शेवटची शून्ये बिनकामाची समजून ती आधीच खोडतात, मग उरलेल्या ९ वर तीन स्थळे मोजतात आणि ०.००९ लिहितात. आधी स्थळे मोजून चिन्ह द्यावे, ९.०००, आणि मगच चिन्हापुढची शून्ये सोडावीत, म्हणजे ९ उरतील. मुलीने कडेला लिहिलेले ६ आणि १२ पाहिले, तर ०.००९ तिला स्वतःलाच खटकेल.